अप्पांची घरघर

३ डिसेंबर, मंगळवार

शेवटी तारीख मिळाली. सतराला अप्पांच्या हृदयाची झडप बदलणार. आदल्या दिवशी, सोमवारी, दाखल व्हायचं. "थंडी वाढायच्या आत उरकू या, आता पुढे ढकलायचं नाही," असं डॉक्टर दोनदा म्हणाले. अप्पा म्हणजे माझे सासरे. टोपी मांडीवर घेऊन ते सगळं ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जायचं तर मी माझ्याच गाडीतून येईन. भाड्याच्या गाडीत मला मळमळतं."

इथवर ठीक होतं. पण परत येताना घाटात अप्पांच्या गाडीचा हीटरचा पंखा घरघर करायला लागला. आधी मांजर गुरगुरावं तसा, मग पिठाच्या गिरणीसारखा. मग गरम वारा येईनासा झाला, समोरची काच आतून धुरकटली आणि ही, म्हणजे माझी बायको, वळणावळणावर फडक्याने काच पुसत मला रस्ता सांगू लागली. "अहो, डावीकडे दरी आहे." जणू मी दरी बघायलाच निघालो होतो. मागे अप्पा शालीत कुडकुडत होते.

"गाडीला घरघर लागली, जावईबापू," ते म्हणाले. "आता तिचं काही खरं नाही."

मी म्हटलं, "अप्पा, घरघर लागते ती माणसाला, शेवटच्या वेळी. गाडी नुसती घरघर करते." जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. चूक दिसली की जीभ आवरत नाही. अप्पांनी शाल घट्ट ओढून घेतली. हिने मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा सगळा घाट गप्प बसून उतरलो.

डॉक्टरांनी बजावलंय, सर्दी-खोकला झाला तर ऑपरेशन रद्द. म्हणजे गाडी सोमवारी आतून उबदार हवी आणि काच स्वच्छ हवी. मी रजा टाकली आहे. पंखा मीच दुरुस्त करणार.

४ डिसेंबर, बुधवार

पंखा दुरुस्त केला!

आमच्या घरात दोन वाहनं. स्कूटर ती 'माझी' आणि व्हॅन ती 'अप्पांची'. 'माझी' पंक्चर झाली, 'अप्पांची' धुवून काढली, असं आम्ही बोलतो. बाहेरच्याला कळायचं नाही, पण घरात बाहेरचं कोण आहे? अप्पांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्धं गाव या व्हॅनवर क्लच सोडायला शिकलं. आता डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली आहे, म्हणून किल्ली माझ्याकडे आली. दिली नाही, आली.

सकाळी डॅशबोर्डखाली पाठ टेकवून आडवा झालो. कप्पा काढला, मागचं झाकण सोडवलं, पंखा बाहेर घेतला. आत उंदराचं घरटं. सुकी पानं, सीटमधला फोम आणि चघळून चोथा केलेला पावतीचा कागद. सगळं उपसलं, पंखा ब्रशने पुसला, परत बसवला. बटण फिरवलं तर काय सुरेख आवाज! आवाजच नाही.

अप्पा शेजारच्या सीटवर बसून बघत होते. मला वाटलं शाबासकी देतील.

"झाली का?" म्हणाले.

"झाली."

"लवकर झाली," म्हणाले आणि दार उघडून घरात गेले. शिकवण्याचा धंदा केलेल्या माणसाला दुसऱ्याचं कौतुक जड जातं.

६ डिसेंबर, शुक्रवार

पंखा बंद. घरघर नाही, कुरकुर नाही, काहीच नाही.

हिला सांगितलं तर म्हणाली, "परवा तर पेढे वाटायचे बाकी होते." ती बँकेत जायला निघाली होती. दारातून वळून म्हणाली, "जमलं तर आज अप्पांशी जरा बोला. जेवत नाहीत नीट."

मी म्हटलं, बोलतो की, दिवसभर आम्ही दोघंच तर असतो.

खरंच बोललो. सकाळभर गाडीवरच बोलत होतो. मी त्यांना पायरी-पायरीने समजावून सांगितलं: पंखा मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज बघायचा, मग बटण, मग वायरी, मोटर सगळ्यात शेवटी. ते मन लावून ऐकत होते. "म्हणजे फ्यूज गेला तर पंखा बंद," म्हणाले. म्हातारपणी माणूस साध्या गोष्टी विसरतो हे बघून वाईट वाटलं.

फ्यूजच होता. स्टिअरिंगखालच्या डबीत पंख्याचा फ्यूज जळून काळा पडला होता. नवा घातला, पंखा फिरला. डबीच्या झाकणावर अप्पांचा चष्मा सापडला. दुपारी ते गाडीत ऊन खात बसतात, तेव्हा विसरले असतील. नेऊन दिला.

८ डिसेंबर, रविवार

रविवारी मेहुण्याचा फोन येतो. तो दूरच्या शहरात कारखान्यात आहे, आमच्या लग्नाच्या आधीपासून तिकडेच. अप्पांचं आणि त्याचं भांडण वगैरे काही नाही. फोनवर दोघंही हवापाण्याचं बोलतात, मग गाडीचं, मग 'बरंय' म्हणून ठेवतात.

आज त्याने विचारलं, "ऑपरेशन साधंच आहे ना? मी येऊ का?"

फोन स्पीकरवर होता. मी 'साधं' या शब्दावर काही बोलणार, तेवढ्यात अप्पांनी हाताने मला थांबवलं. "अरे, काही नाही, किरकोळ आहे," म्हणाले. "तू कशाला काम टाकून येतोस? इथे हे आहेत ना."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! तू तुझं बघ."

मेहुणा म्हणाला, बरंय. अप्पाही म्हणाले, बरंय. मग बराच वेळ फोन हातात धरून बसले. खंबीर माणूस आहे. मी हिला म्हटलं, आपल्यालाही असं जमलं पाहिजे. ती भांडी जरा जोरात आपटत होती.

नंतर अप्पा गाडीत जाऊन बसले. आज ऊनही नव्हतं.

९ डिसेंबर, सोमवार

पंखा पुन्हा बंद. पुन्हा तोच फ्यूज, पुन्हा काळा.

हे गंभीर आहे. फ्यूज एकदा जातो तेव्हा तो फ्यूजचा दोष, दुसऱ्यांदा जातो तेव्हा वायरीचा. कुठेतरी वायर सोलली जाऊन लोखंडाला टेकत असणार. दिवसभर एकेक वायर तपासली. मान आखडली, कोपर सोलवटलं. वायरी मात्र सगळ्या धडधाकट. अप्पा सीटवर बसून टॉर्च धरत होते. एकदा म्हणाले, "जावईबापू, राहू द्या आता. तुम्हाला सर्दी होईल."

मी म्हटलं, "मला झाली तर चालेल, तुम्हाला होता कामा नये."

टॉर्चचा झोत त्यांनी भलतीकडेच वळवला. लक्ष लागत नाही त्यांचं हल्ली.

१० डिसेंबर, मंगळवार

गाडी मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री अप्पांच्याच हाताखाली गाडी शिकला. गॅरेजमध्ये आधीच चार गाड्या पोट उघडून पडल्या होत्या, तरी 'अप्पांची' बघितली. मीटर लावला, वायरी हलवल्या, पंखा अर्धा तास पळवला. फ्यूज उडाला नाही.

"वायरिंगला काही झालेलं नाही," म्हणाला. मग मी पुरावा म्हणून नेलेले दोन जळके फ्यूज बोटावर घेऊन बघत बसला. "हे कालपरवा जळलेले नाहीत हो. जुने आहेत. धूळ बघा यांच्यावर."

"पण गाडीतूनच निघाले."

"मग असेल." तो हसला का खोकला ते कळलं नाही. "असं करा, अप्पांना विचारा. त्यांना ही गाडी पाठ आहे."

मला जरा लागलं. मी एवढी मेहनत घेतोय आणि विचारायचं कुणाला, तर ज्यांना फ्यूज म्हणजे काय हे परवा मी सांगितलं त्यांना!

घरी आल्यावर हिने भाड्याच्या गाडीचा विषय काढला. "हीटर चालणारी गाडी बोलवू या ना. हट्ट कशाला?" अप्पा पानावरून उठले. "मग मला नेऊच नका," म्हणाले. एवढं मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दम लागला त्यांना. ही पाणी घेऊन धावली. विषय संपला.

११ डिसेंबर, बुधवार

आज मोटरला जाणारी वायरीची चिमटी सुटलेली सापडली. पंखा अर्थातच बंद होता. चिमटी घट्ट बसवली, चालू झाला. खडबडीत रस्त्याने निसटली असणार. गाडी काल संध्याकाळपासून अंगणातून हललेली नाही, हा मुद्दा आहे, पण जुन्या गाडीत गोष्टी आपोआपही निसटतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

दुष्काळात तेरावा महिना. घरघर पुन्हा सुरू झाली, आणि ही पहिल्यापेक्षा वाईट. टरटर, फडफड, घरघर, असं सगळं एकदम. सोमवार तोंडावर आला आहे आणि माझी अक्कल संपली आहे, हे इथे तरी कबूल करायला हरकत नाही. अप्पांना काही झालं तर ते पंख्यामुळे झालं असं होऊ नये. रात्री झोप नीट लागत नाही.

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "आता ओढाताण करू नका, त्या गाडीला हा पंखा मिळायचा नाही."

मेहुणा दर रविवारी गाडीची चौकशी करतो, म्हणून दुपारी त्यालाही कळवलं. निरोप लिहिताना काळजी घेतली, थोडक्यात आणि शुद्ध लिहिला:

"अप्पांची घरघर पुन्हा सुरू झाली. दोनदा उघडून पाहिलं, उपयोग नाही. जाणकार म्हणतात, आता ओढाताण करण्यात अर्थ नाही. सोमवारपर्यंत तग धरेल असं वाटत नाही."

पाठवून पुन्हा एकदा वाचला. एकही चूक नव्हती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पंखा पुन्हा उघडला. आत काय सापडावं? गोळ्यांची रिकामी पट्टी. रक्तदाबाच्या गोळ्यांची, अप्पांच्याच. पात्यांत अडकून फडफडत होती. त्या उंदराने आता औषधांच्या डब्यापर्यंत मजल मारली आहे. पिंजरा आणून लावला, आत खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

अप्पांना पट्टी दाखवली. "बघा, उंदरालाही रक्तदाब!"

ते हसले नाहीत. पट्टीकडे बघत राहिले. "जावईबापू, तुम्ही फार कष्ट घेताय," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. थंडीने येतं पाणी.

जोडाजोड करायला घेतली, पण अंधार पडला. हिचा फोन बँकेत विसरलेला, माझा घरात ओट्यावर राहिला होता, त्यावर मेहुण्याचे ढीगभर मिस्ड कॉल. गाडीवर एवढा जीव आहे त्याचा! उलट फोन लावला तर लागेना. उद्या बघू.

१४ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी मी डॅशबोर्डखाली होतो, पाय दाराबाहेर. अप्पा शेजारच्या सीटवर. फाटक जोरात वाजलं. कुणीतरी धावत आलं आणि माझ्या पायांना अडखळून गाडीवर आदळलं. बाहेर येऊन बघतो तर मेहुणा. दाढी वाढलेली, डोळे लाल, स्वेटर उलटा, खांद्यावर बॅग. तो माझ्याकडे बघतही नव्हता. अप्पांकडे बघत होता.

"अप्पा?"

"अरे, तू?" अप्पा म्हणाले. "सुट्टी मिळाली?"

मेहुण्याने बॅग टाकली आणि रडायलाच लागला. एवढा थोराड माणूस, मला काय करावं सुचेना. ही आवाज ऐकून ओल्या हातांनी बाहेर आली. "दादा! काय झालं?"

त्याने खिशातून फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. माझाच निरोप. "हे काय आहे? हे काय लिहिलंय तुम्ही?"

मी वाचला. शुद्ध होता. "गाडीचं लिहिलंय," मी म्हटलं.

"गाडी? कुठे आहे यात गाडी?"

"'अप्पांची' म्हणजे गाडी. आम्ही तसंच म्हणतो."

"मला काय माहीत तुम्ही काय म्हणता! अप्पांची घरघर! दोनदा उघडून पाहिलं! मी रात्रभर बसमध्ये..." पुढे त्याला बोलवेना.

ही मटकन पायरीवर बसली आणि निरोप वाचून आधी किंचाळली, मग हसायला लागली, मग तीही रडली.

मला माझी बाजू मांडणं भाग होतं. "अहो, नीट बघा. मी 'तग धरेल' लिहिलंय. अप्पांविषयी लिहायचं असतं तर 'तग धरतील' लिहिलं नसतं का? आदरार्थी बहुवचन आहे की नाही?"

"बाप चालला असं वाचल्यावर बहुवचन कोण बघतं?" मेहुणा ओरडला.

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

अप्पा मात्र सीटवरून उतरले नाहीत. त्यांनी हात लांब करून ड्रायव्हरच्या सीटवरची माझी हत्यारं बाजूला सारली. "बस," म्हणाले. मेहुणा बसला. अप्पांनी त्याच्या उलट्या स्वेटरच्या शिवणीवरून हात फिरवला. "थंडीचा असा आलास? काही खाल्लंस का?" मग मेहुण्याने दार ओढून घेतलं.

मी म्हटलं, माझे स्क्रू आत राहिलेत. हिने मला दंडाला धरून घरात आणलं. खिडकीतून बघितलं, दोघं समोरच्या काचेकडे तोंड करून बसले होते. बोलत होते की नाही कळत नव्हतं, काच धुरकटली होती.

जेवताना मेहुण्याला ऑपरेशन काय आहे ते हिने नीट सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. "किरकोळ म्हणाला होतात," तो अप्पांना म्हणाला. अप्पांनी आमटी वाढून घेतली. "आता आलास ना," म्हणाले. दोनदा आमटी घेतली त्यांनी, भातही घेतला. मेहुणा महिनाभर राहणार आहे. कारखान्यात कळवून टाकलं.

पंखा तसाच अर्धवट पडलाय. उद्याचा एकच दिवस आहे.

१५ डिसेंबर, रविवार

सुंठीवाचून खोकला गेला!

सकाळी हत्यारं घेऊन गेलो तर कप्पा जागेवर, झाकण जागेवर, स्क्रू सगळे घट्ट. मेहुणा झोपलेला होता, त्याने केलं म्हणावं तर त्याला स्क्रू कुठे ठेवलेत हेच माहीत नव्हतं. बटण फिरवलं. पंखा असा फिरला की जणू परवाच कारखान्यातून आलाय. चारही गतींवर. समोरच्या काचेवर उबदार वारा, घरघर नाही, काही नाही.

अप्पा अंगणात चहा पीत होते. "चालला का?" म्हणाले. बोटाला काळं लागलं होतं त्यांच्या.

"आपोआप!" मी म्हटलं. माझा तर्क असा की आत दमटपणा होता, तो कालच्या उन्हाने उडाला आणि संपर्क नीट झाले. जोडाजोड बहुधा मीच परवा अंधारात केली असणार, दमल्यामुळे लक्षात राहिलं नाही. हा तर्क हिला सांगितला तर ती तोंडावर हात ठेवून आत पळाली. अलीकडे तिला कशाचंही हसू येतं. काळजीने होतं तसं माणसाचं.

"चला मग," अप्पा म्हणाले. "उद्या निघू या."

१६ डिसेंबर, सोमवार

पोचलो. हे दवाखान्यातल्या खुर्चीत बसून लिहितो आहे. अप्पांना खाट मिळाली, खिडकीजवळची. ते झोपलेत.

गाडी मेहुण्याने चालवली. अप्पा शेजारी बसून "तिसरा टाक, तिसरा" करत होते आणि तो मुकाट्याने टाकत होता. आम्ही दोघं मागे बॅगांमध्ये. घाटात बाहेर पांढरं धुकं, आत पंख्याची ऊब. काच शेवटपर्यंत लख्ख. अप्पांनी शालही काढून ठेवली. एक शिंक नाही.

पण लिहायचं आहे ते वेगळंच.

संध्याकाळी दोघं बहीणभाऊ चहाला खाली गेली. मी अप्पांजवळ थांबलो. वेळ जावा म्हणून पंख्याचा विषय काढला. म्हटलं, परत जाताना मिस्त्रीला दाखवू, म्हणजे तो दमटपणा नेमका कुठे होता ते कळेल.

"जावईबापू," अप्पा म्हणाले. "फ्यूज मी बदलत होतो."

मला वाटलं औषधाची गुंगी आहे. पण औषध अजून दिलेलं नव्हतं.

"जुने जळके फ्यूज होते माझ्या डब्यात. चिमटीही मीच सोडवली. आणि ती पट्टी."

"पण उंदीर..."

"घरटं उंदराचं होतं. पुढचा उंदीर मी."

मला राग यायला हवा होता. सोललेलं कोपर, आखडलेली मान, खोबरं घातलेला पिंजरा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पण राग येईना. मी विचारलं, "का पण?"

ते खिडकीकडे बघत बोलले. "छाती उघडणार म्हणतात. उघडल्यावर परत मिटली नाही तर? त्याच्या आधी पोराला एकदा बघायचं होतं. बोलवायला जीभ रेटेना. तो विचारायचा, येऊ का, आणि माझ्या तोंडून निघायचं, नको. म्हटलं गाडी होत नाही तोवर दिवस निघतील, तेवढ्यात त्याचं त्याला सुचेल. तुमच्या त्या निरोपाने काम केलं बघा."

"मला सांगायचं होतं, अप्पा. मी तर रोज तुमच्याजवळच होतो."

"तुम्ही विचारलंत कुठे?" ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "रोज सकाळी गाडीपुढे बसून तिला विचारत होतात, काय होतंय, कुठे अडलंय, कधीपासून होतंय. मी शेजारच्या सीटवर बसलेलो असायचो."

ही म्हणत होती, बोला त्यांच्याशी. मिस्त्री म्हणाला, विचारा त्यांना. आणि मी फ्यूज म्हणजे काय ते समजावत होतो. तेही कुणाला!

शेवटी विचारलं. "अप्पा, आता काय होतंय तुम्हाला?"

त्यांनी विचार केला, विचारलेलं खरं आहे का हे बघितल्यासारखा. "भीती वाटते," म्हणाले. "पण कालपेक्षा कमी."

"मलाही वाटते," मी म्हटलं.

"तुम्हाला कशाला?"

"तुमच्याशिवाय घरात गाडीवर बोलायचं कुणाशी?"

तेव्हा हसले. आमचे हात खाटेच्या दांडीवर शेजारी शेजारी होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि बहीणभाऊ येईपर्यंत काढला नाही. मला लाज वाटते आहे, आणि हलकंही वाटतं आहे. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे माहीत नव्हतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी त्यांना आत नेलं. ढकलखाटेवरून जाताना मुलाला म्हणाले, "हँडब्रेक लावलायस ना?" तो म्हणाला, "लावलाय, अप्पा." दार बंद झालं.

मग नुसतं बसणं. मेहुण्याने भिंतीवरची सूचना मला तीनदा वाचून दाखवायला लावली, त्यात दोन चुका होत्या, एरवी मी सांगितल्या असत्या. हिने माझा हात धरून ठेवला होता. मी तिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" ती म्हणाली, "चष्मा सापडला तेव्हापासून." "मग सांगितलं का नाहीस?" "त्यांनी आपणहून तुम्हाला सांगितलं तरच खरं, म्हणून."

दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली. त्यांचा चेहरा बघूनच मेहुणा उठून उभा राहिला. "छान झालं," डॉक्टर म्हणाले. "झडप उत्तम बसली आहे. ठोके नियमित आहेत. आवाज एकदम स्वच्छ."

मेहुण्याने मला मिठी मारली. इतकी घट्ट की माझा चष्मा वाकडा झाला. ही भिंतीला टेकून रडत होती आणि "मला काही झालं नाही, मला काही झालं नाही" असं म्हणत होती. मी खाली दवाखान्याच्या आवारात गेलो आणि अप्पांच्या गाडीत जाऊन बसलो. थोडा वेळ रडलो. मग नाक पुसून वर आलो आणि सगळ्यांसाठी चहा आणला.

१८ डिसेंबर, बुधवार

आज अप्पांना भेटायला सोडलं, एकेकाला. आधी मेहुणा गेला, मग ही. बाहेर येऊन म्हणाली, "तुम्हाला बोलवलंय."

नळ्या, तारा, छातीवर मोठी पट्टी, आणि मधोमध अप्पा. चेहरा धुतल्यासारखा. डोळे उघडे. मी जवळ गेलो तर ओठ हलले. कान नेला.

"गाडी कुठे लावलीय?"

"झाडाखाली. गाडीचं राहू द्या. तुम्हाला कसं वाटतंय?"

"तहान लागलीय."

नर्सने ओला कापूस त्यांच्या ओठांना लावला.

"आणखी?" मी विचारलं.

"छाती दुखते. हसलं की जास्त."

"मग हसवत नाही. आणखी काय होतंय?"

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "बरं वाटतंय," म्हणाले. "खरंच."

नर्स म्हणाली, "पेशंटला फार प्रश्न विचारू नका हो, दमतील ते." मी म्हटलं, एकच विचारतो, आणि पुन्हा तोच विचारला.